दिवाणसाहेबांचा यम

विलायतेहून परतलेले दिवाण त्र्यंबकराव देवळाच्या मंडपात गावासमोर, बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या झिलू ठाकराची यमाची चामड्याची बाहुली बघून खो खो हसले.

"मृत्यू म्हणे रेड्यावर बसून येतो! हे बघ विलायतेचं चित्र. सांगाडा आणि हातात भला मोठा कोयता! यंदा खेळात हाच नाचव, नाहीतर जत्रेतला तुझा खेळ बंद."

सात पिढ्यांचा यम कुणी हसण्यावारी न्यावा, हे झिलूला सोसवेना. पण तो शांतपणे म्हणाला, "खरा कोणता ते आधी ठरवू, सरकार. यमाच्या तोंडून जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर तो त्याला न्यायला येतो, असा आमचा नेम आहे. आपण या चित्राच्या आणि माझ्या बाहुलीच्या, दोघांच्याही तोंडून स्वतःचंच नाव पुकारा."

दिवाणांनी चित्र उंच धरलं आणि हसत आरोळी ठोकली, "त्र्यंबका, चल!"

मग झिलूने यम त्यांच्या हाती दिला. दिवाणांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सारा गाव बघत असताना त्यांनी बाहुली हळूच खाली ठेवली आणि नकळत हात जोडले.

झिलूने आपला यम ताठ मानेने उचलला.

"तो सांगाडा गोऱ्यांना न्यायला येत असेल, सरकार. आपल्याला न्यायला आमचाच यायचा, हे आपण गावादेखत कबूल केलंत."