अकरा तारखांचा अर्ज

संस्थानच्या सरकारी होडीवर नावाडी नेमायचा होता. उमेदवारांनी आपल्या कामाची माहिती लिहून आणावी, असं दिवाणसाहेबांनी फर्मावलं. कुणी भर पुरात होडी घातली होती, कुणी हजारो माणसं पैलतीरी नेली होती. रखमाजी भोयाने मात्र मास्तरांकडून अकरा तारखा तेवढ्या लिहून आणल्या. या दिवशी होडी सोडली नाही, एवढंच खाली लिहिलेलं.

दिवाणसाहेब खो खो हसले. "अरे शहाण्या, नोकरी मागायला आलास आणि काम न केल्याचे दाखले देतोस?"

"जी सरकार. चढतं पाणी बघून ज्यांना मी काठावरच थांबवलं, त्यांना माझं काम विचारा. सगळे हयात आहेत."

"एकाचं तरी नाव सांग बघू!"

रखमाजी घुटमळला. नोकरीची गरज होती, पण कागद खोटा नव्हता. "सातव्या ओळीतली तारीख बघावी, सरकार. त्या दिवशी मेण्यातून आलेल्या एका बड्या गृहस्थांनी मला भेकड म्हणून शिव्या घातल्या. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहिलं नाही."

दिवाणसाहेबांनी ती ओळ वाचली. त्या दिवशी दुसऱ्या नावाड्याने होडी सोडली होती आणि ती परत आली नव्हती, हे त्यांना आठवलं. मग त्यांनी दौत पुढे ओढली आणि सातव्या ओळीपुढे, साक्षीदार म्हणून, स्वतःचं नाव लिहिलं.