निंबाजी कोष्ट्याची मोकळी गल्ली

फार लांब, समुद्रापलीकडच्या एका बंदरात निंबाजी नावाचा कोष्टी पोटासाठी जाऊन राहिला होता. त्या राज्याचा कायदा कडक. परक्या मुलुखातल्या कारागिराने वर्षाच्या आत दरबारात एक उत्तम वस्त्र विणून दाखवलं, तर त्याला घर मिळे आणि बायकामुलांना आणायची परवानगी मिळे. नाही जमलं, तर परतीचं गलबत. गावी त्याची बायको सोनाई आणि दोन मुली बोलावण्याची वाट बघत होत्या.

पण त्या बंदरात माणसांची नुसती खेचाखेच! गल्ली चार हात रुंद आणि माणसं हजार. कोणी अंगाला अंग घासून जाई, तर कोणी खुशाल त्याच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून बघे. निंबाजी दारापुढे विणायच्या उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीभर पसरून सुताला खळ लावू लागला, की लोक वाकून ताण्याखालून जात आणि वर विचारत, "काय पाव्हणं, आज काय जेवलात?" निंबाजीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. शेजारची म्हातारी तर रोज त्याच्याच उंबऱ्यावर शेंगा सोलत बसे.

"आजी, तुम्हाला घर नाही का हो?" एकदा तो खेकसलाच.

"आहे की. पण तिथं बोलायला कोणी नाही," म्हातारी म्हणाली.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. हा गडी आणखीच भडकला!

तरातरा तो कोतवालाकडे गेला. "ही माणसं आहेत की मुंग्या? माझा ताणा बाहेर असेल तोवर गल्लीत चिटपाखरूसुद्धा फिरकता कामा नये!"

कोतवालाने अर्ज मंजूर केला. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले, बाकीच्या घरांच्या पुढच्या दारांना कुलपं ठोकली आणि भालेकरी उभे केले. दोर ओलांडेल त्याला पाच फटके, अशी दवंडी पिटली. लोक मुकाट्याने मागच्या दारांनी ये-जा करू लागले. म्हातारीही उठून गेली.

निंबाजी खूश! मुदतीला महिना उरला होता आणि चांगलं सूतही एका वस्त्रापुरतंच उरलं होतं. त्याने ते सगळं पसरलं आणि निवांत खळ लावली.

दुपारी अवचित आभाळ भरून आलं. ओल्या खळीवर पाऊस पडला की धागे एकमेकांना चिकटतात, सूत वाया जातं. आणि पन्नास हात लांबीचा ताणा एकट्याने उचलता येत नाही. गावी थेंब पडायच्या आत सगळी कोष्टी आळी न बोलावता धावून यायची. त्यांना निंबाजीने कधी मुंग्या म्हटलं नव्हतं.

"धावा हो, धावा!" तो ओरडला.

माणसं केव्हाच धावली होती. बाह्या सरसावून दोराशी उभी होती, म्हातारी सगळ्यांच्या पुढे. भालेकऱ्याने भाला आडवा धरला होता.

"सोड त्यांना, मुडद्या!" निंबाजी किंचाळला.

"कोतवालसाहेबांचा हुकूम आहे. तुमच्याच अर्जावर निघालाय."

"मग घेतो मी अर्ज मागे!"

"कचेरीत जाऊन घ्या."

तेवढ्यात पाऊस कोसळला. निंबाजीने एक टोक ओढलं, तर दुसरं चिखलात लोळलं. धागे तटातट तुटले. बघता बघता त्या सुताचा लगदा झाला.

"मेल्या, निदान तू तरी घरात हो!" दोरापलीकडून म्हातारी ओरडली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

निंबाजी चिखलात बसून स्वतःलाच शिव्या घालत राहिला. महिन्याने त्याला गलबतात बसवलं. सोनाईला काय तोंड दाखवायचं, हे त्याला गावचा किनारा दिसेपर्यंत सुचलं नाही.

तात्पर्य: परक्या मुलुखात ज्याला माणसांचे धक्के सोसवत नाहीत, त्याने अडल्या वेळी त्याच माणसांच्या हातांची आशा धरू नये.