तीन ठोके

वारुळाच्या त्या राज्यात कुणालाच दिसत नसे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. वाळवीला जे कळायचे ते पायांतून आणि मिशांतून कळे. राज्याच्या तळाशी एक खोल कोठी होती. तिथे कुजणाऱ्या पानांतून ऊब निघे आणि मातीच्या लांबच लांब नळ्यांतून राज्याच्या चारही फांद्यांत पोहोचे. त्या उबेवर अंडी वाढत. ऊब दिसत नसे आणि तिला वासही नसे. नळीत होती तोवर ती आईसारखी होती. नळीला तडा जाऊन बाहेर पसरली, की तिथे असेल त्याला आधी सुस्ती येई आणि मग झोप लागे. त्या झोपेतून कुणी उठल्याचे राज्यात कुणाला आठवत नव्हते.

म्हणून नळीच्या प्रत्येक वळणावर एक पहारेकरी बसवलेला होता. तडा जाणवला की त्याने जमिनीवर डोके आपटायचे. तो ठोका मातीतून राज्याच्या मधोमध असलेल्या एका लहान खोलीत पोहोचे. तिथे चाहूल नावाची, उतारवयाकडे झुकलेली एक वाळवी सहाही पाय टेकवून आणि मिशा भिंतीला लावून बसलेली असे. ती राज्याची ऐकणारी. ठोका कोणत्या फांदीतून आला ते ओळखायचे आणि एक लांब ठोका देऊन त्या फांदीची झडप पाडायला लावायची, एवढेच तिचे काम होते. झडप वेळेवर पडली तर पहारेकरी वाचे, आणि तडा लगेच लिंपला तर अंडीही वाचत. उगाच पडली तर मात्र अंडी गारठून मरत. चाहूलच्या आधीच्या ऐकणारीने एकदा भलत्याच फांदीची झडप पाडली होती. तिला मुंग्यांच्या वाटेवर नेऊन सोडण्यात आले.

काम सोपे होते असे कुणी म्हणणार नाही, पण पूर्वी ते निदान करता येण्याजोगे होते. मग उत्तर फांदीत मोठा अनर्थ झाला आणि पंच चौकशीला बसले. तडा का गेला हे विचारणे जरा अडचणीचे होते, कारण नळ्या पंचांनीच घाईघाईने बांधून घेतल्या होत्या. तेव्हा त्यांनी सोयीचा प्रश्न विचारला: ठोका कुणी दिला नाही? शोधता शोधता एक पहारेकरी सापडला. त्याची नळी धड होती, म्हणून तो गप्प बसला होता. त्यालाही मुंग्यांच्या वाटेवर सोडले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत वारुळातही आहे.

त्या दिवसापासून सगळेच ठोकू लागले. तडा जाणवला तर ठोका, शेजाऱ्याचा ठोका जाणवला तरी ठोका, वरून एखादा भुंगेरा चालत गेला तरी ठोका. न ठोकल्याची शिक्षा होती, उगाच ठोकल्याची नव्हती. शिवाय पंचांनी नियम केला, की प्रत्येक ठोक्याला ऐकणारीने दोन हलक्या टिचक्यांनी उत्तर द्यावे. त्या टिचक्यांचा अर्थ ‘ऐकलं’. उत्तर येईपर्यंत पहारेकऱ्याने थांबू नये. उत्तरानंतर ठोका थांबला, की प्रकरण मिटले असे समजावे. आणि मिटलेल्या प्रत्येक प्रकरणाची खूण म्हणून ऐकणारीने ओल्या मातीची एक गोळी त्या बाजूच्या भिंतीला लावावी.

चाहूल गोळ्या लावू लागली. उठल्यापासून थकेपर्यंत ती टिचक्या देई आणि गोळ्या लावी. पंच अधूनमधून पाहणीला येत. त्यांचा प्रमुख कारभारी भिंतींवरून मिशा फिरवून बघे, आणि गोळ्यांचा थर जाड झालेला लागला की समाधानाने म्हणे, की राज्यात एवढे लक्ष पूर्वी कधी दिले गेले नव्हते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फक्त खोली लहान होत चालली होती आणि भिंतीपलीकडून येणारे ठोके पूर्वीपेक्षा बोथट लागत होते.

एकदा तिने धीर करून पंचांपुढे गाऱ्हाणे मांडले. रोज मरे त्याला कोण रडे, अशी आपली गत झाली आहे, असे तिने सांगितले. ठोके कमी करा, ज्याच्या नळीला खरोखर तडा आहे त्यालाच ठोकू द्या. पंचांनी मन लावून ऐकले. मग ठोक्यांच्या तीन प्रती ठरवण्यात आल्या: साधा, मध्यम आणि तातडीचा. महिनाभरात सगळेच ठोके तातडीचे झाले. आपल्यावरचे संकट साधे आहे असे आपल्याच डोक्याने कोण सांगेल?

पूर्व फांदीच्या शेवटच्या वळणावर चाहूलचा भाऊ देठू पहाऱ्याला होता. दोघे एकाच कप्प्यात, शेजारशेजारच्या अंड्यांतून निघालेले. मुंगीशी झालेल्या जुन्या झटापटीत देठूचा एक जबडा तुटला होता, त्यामुळे त्याचे डोके जमिनीवर किंचित तिरपे पडे. पहारा बदलला की तो न चुकता तिच्या खोलीत येई आणि तिचे थकलेले पाय चाटून साफ करी. तो आला की चाहूलला बरे वाटे. राज्यात तिच्याकडे येऊन न ठोकणारा तो एकटाच होता.

अशाच एका भेटीत तिने मनातली भीती त्याला सांगितली. खरा ठोका येईल आणि तो आपल्याला ओळखू येणार नाही, ही ती भीती. देठूने हातातला तिचा पाय चाटून पुरा केला. मग म्हणाला, “अक्का, माझ्याकडे खरंच काही झालं तर मी तीन ठोके देईन. तीनच. मग गप्प बसेन.”

“उत्तराआधी थांबायचं नाही असा नियम आहे. शिक्षा ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. पण तू ऐकशील हेही ठाऊक आहे.”

त्यानंतर काही दिवसांतच पूर्व फांदीला तडा गेला. खोलीत नेहमीचा गोंधळ चालला होता. ठोक्यांच्या त्या न संपणाऱ्या सरीत चाहूलला तीन ठोके लागले आणि पुढे काहीच नाही. त्या शांततेला तिने लगेच ओळखले. बाकीच्यांना उत्तर न देता तिने पूर्वेसाठी लांब ठोका दिला. झडप पडली. कामकऱ्यांनी धावत जाऊन तडा लिंपला. अंडी वाचली, देठू वाचला. तो तिच्या खोलीत आला तेव्हा अजून सुस्तीतच होता, आणि चाहूल त्याला चिकटून रडली.

पंचांना फार आनंद झाला. कारभारी स्वतः आला आणि त्याने विचारले, की एवढ्या गोंधळात तुम्ही हे ओळखले कसे? इथे चाहूलची चूक झाली. तिने खरे सांगितले. कारभाऱ्याने ते दोनदा ऐकून घेतले, मिशा हलवल्या, आणि इतकी साधी, इतकी उपयोगी पद्धत एकाच पहारेकऱ्यापुरती ठेवणे हा इतरांवर अन्याय होईल, असे मत दिले. पुढच्याच बैठकीत हुकूम निघाला: यापुढे प्रत्येक पहारेकऱ्याने तीन ठोके द्यावेत आणि थांबावे. उत्तर आले नाही तर पुन्हा तीन द्यावेत आणि पुन्हा थांबावे. देठूचा पंचांपुढे सत्कार झाला. तो सत्काराला गेला, आणि परत येऊन नेहमीसारखे बहिणीचे पाय चाटू लागला.

आणखी एक सुधारणा झाली. चाहूलने पूर्वेसाठी लांब ठोका दिला तेव्हा बाकी फांद्यांना उत्तर मिळायचे राहिले होते, ही गोष्ट पंचांच्या नजरेतून सुटली नव्हती. तिचा भार हलका व्हावा म्हणून तिच्या आणि झडपवाल्यांच्या मध्ये एक दुसरी ऐकणारी बसवण्यात आली. चाहूलचा ठोका आता आधी तिच्याकडे जाई, आणि तो खराच तातडीचा आहे अशी खात्री पटली तर ती तो पुढे देई. ही दुसरी ऐकणारी नवी होती, नियमाला पक्की होती आणि तिच्या भिंती अजून कोऱ्या होत्या.

चाहूलने देठूला नवी खूण ठरवू या असे सुचवले. चार ठोके, नाहीतर दोन. देठूने नकार दिला. आता प्रत्येकाचे ठोके मोजायला तपासनीस फिरतात, आणि तिनाऐवजी दुसरे काही वाजले की त्या वळणावरचा पहारेकरी बदलतात. “माझ्या जागी भुंगेरा गेला तरी ठोकणारा कुणी आला, तर तिथल्या अंड्यांचं काय होईल?” त्याने विचारले. तिने त्याच्या तिरप्या डोक्यावर मिशी टेकवली आणि तेवढ्यावरच राहिली.

मग तो दिवस आला. वर कुठेतरी एका गाईला अंग खाजवावेसे वाटले आणि तिने वारुळाला पाठ घासली. सगळे राज्य हादरले. कारभारी त्या वेळी पाहणीसाठी चाहूलच्याच खोलीत होता. लगेच चारही भिंतींतून ठोके आले. तीन आणि गप्प. तीन आणि गप्प. प्रत्येक वळणावरून, प्रत्येक नळीवरून, हुकुमाप्रमाणे.

चाहूल पूर्वेच्या भिंतीकडे धावली. कारभाऱ्याने तिला थांबवले. “रांगेनं घ्या, चाहूलबाई. सगळे तातडीचे आहेत.”

तिने रांगेने घेतले. दुसरे काही करता येईना. टिचक्या दिल्या, गोळ्या लावल्या, आणि प्रत्येक गोळीनंतर पूर्वेच्या भिंतीला मिशी लावून पाहिली. तो तिरपा ठोका ती हजारांत ओळखत असे, पण त्या भिंतीवरचा थर आता तिच्या अंगापेक्षा जाड झाला होता. तिथून येणारे सगळे ठोके सारखेच लागत होते. ती जबड्याने गोळ्या उकरू लागली. कारभारी दुखावल्या सुरात म्हणाला, की हे एवढ्या वर्षांचे काम आहे. ती उकरतच राहिली. अखेर कोरड्या मातीत एक खळगा पडला. तिने त्यात डोके घातले आणि तिला तो लागला. पहिला ठोका तिरपा. दुसरा बऱ्याच वेळाने. तिसरा इतका हलका, की कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

तिने दोन टिचक्या दिल्या. पलीकडून काही आले नाही. तिने पुन्हा दिल्या.

“थांबला,” कारभारी म्हणाला. “म्हणजे मिटलं. गोळी लावा.”

“मिटलं नाही. तो झोपतोय.”

“उत्तर दिलंत, ठोका थांबला. आणखी काय हवं?”

चाहूलने गोळी लावली नाही. ती वळली आणि झडपवाल्यांच्या बाजूच्या भिंतीवर तिने पूर्वेसाठी लांब ठोका दिला. मग दुसरा दिला. मग तिने मोजणे सोडले आणि सगळे बळ एकवटून भिंतीवर डोके आपटत राहिली. तिच्या तोंडाला माती लागली. देठूचे नाव तिच्या तोंडातून येत होते, पण नावे मातीतून पोहोचत नाहीत, ठोकेच पोहोचतात. कारभारी मागे सरकून उभा राहिला. ऐकणारी स्वतः ठोकू लागली तर काय करावे, याबद्दल कोणताही नियम नव्हता.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून उत्तर आले. दोन हलक्या टिचक्या, अगदी वेळेवर, अगदी नीट दिलेल्या. चाहूल थांबली आणि झडप पडण्याची वाट बघत भिंतीला मिशा लावून उभी राहिली. पलीकडे, कोऱ्या भिंतीवर, ओल्या मातीची एक गोळी कुणीतरी हळूच दाबून चिकटवली.