एका डोळ्यातला प्रकाश

एकदा एक निवृत्त शिक्षक डोंगरपायथ्याच्या मठात साधनेसाठी येऊन राहिला. वय पासष्ट, स्वभाव सरळ, आणि मनात साक्षात्काराची ओढ. मठाचे वृद्ध महाराज चातुर्मासात मौन पाळत. सारा कारभार खुणांवर चाले.

एका पहाटे ध्यानात शिक्षकाच्या डाव्या डोळ्यापुढे वीज चमकली. मग पुन्हा चमकली. सूर्य वर आला तेव्हा काजळीसारखे असंख्य कण तरंगू लागले. त्याचा ऊर भरून आला. त्याने हे सांगताच सोबतच्या साधकांनी तर त्याला पाटावर बसवून हारच घातला.

"मास्तर, तुमचं जमलं. आता वर आमचंही नाव सांगून ठेवा," एक जण म्हणाला.

म्हाताऱ्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावे, असे त्या भाविकांपैकी एकालाही सुचले नाही. अशा भाविकतेला अज्ञान म्हणणेही सौम्य ठरेल.

दुपारी डावीकडून राखाडी सावली सरकू लागली. तेही शुभचिन्ह समजून शिक्षक महाराजांना सांगायला गेला. महाराजांनी ऐकून घेतले आणि पुढे होऊन तळव्याने त्याचा उजवा डोळा झाकला.

"समई दिसते?"

मंडपातले साधक चमकून वळले. महाराजांचे मौन मोडले होते.

"दिसते, महाराज. पण तिच्या डावीकडचा खांब दिसत नाही."

महाराजांनी मग डावा डोळा झाकला. "आता?"

"आता आहे की खांब."

"जीप काढा. याला शहरात डोळ्यांच्या इस्पितळात न्या."

"महाराज, उद्या आरती झाल्यावर नेलं तर..." एक साधक म्हणाला.

"मी उद्याचं विचारलं का?"

इस्पितळात तपासल्यावर कळले, डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. शस्त्रक्रिया झाली. "मधला भाग सुटायच्या आत आलात, म्हणून नजर वाचली," डॉक्टर म्हणाले.

बरा होऊन परतल्यावर शिक्षक महाराजांपुढे खाली मान घालून बसला. "माझ्या डोळ्यापायी आपलं व्रत मोडलं."

महाराज हसले. "मौन पुढल्या वर्षी पुन्हा धरता येईल. गेलेली नजर कुणाच्या व्रतानं परत येते का? आणि काय रे, देव काय एकाच डोळ्याला दर्शन देतो? उतारवयात अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले, कडेनं सावली आली, तर त्याच दिवशी डोळा दाखवावा. नजर एकाएकी गेली आणि क्षणात परत आली, तरीही. डोळा लाल होऊन ठणकू लागला, तरीही. तुझं दुखत नव्हतं, म्हणून तू निर्धास्त राहिलास. शरीर हाक मारत होतं आणि तू तिचा अभंग करत बसलास."

शिक्षकाने मान वर केली. महाराजांच्या दाढीचे पांढरे केस, कपाळावरची तिरपी आठी, डोळ्यांतले मिस्कील हसू, सारे त्याला स्वच्छ दिसत होते. त्याने हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत.