सोडिअमची असूया

फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रयोगशाळेत, मिठाच्या खड्यात, सोडिअम आणि क्लोराइड एकमेकांना बिलगून राहत होते. एके दिवशी बोंद्रेबाईंनी ते मीठ पाण्यात विरघळवलं. दोघे सुटे झाले. पण पाणी एकच होतं, म्हणून सोडिअमला काळजी वाटली नाही.

मग बाईंनी त्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण ओतलं. सिल्व्हर दिसताच क्लोराइड तिच्याकडे धावला. दोघं एकमेकांना घट्ट धरून पांढरा साका झाले आणि तळाशी जाऊन बसले.

"अरे, इतकी वर्षं मी तुझ्यासोबत राहिलो!" सोडिअम ओरडला. "तिच्यात असं काय आहे?"

"तिचा हात पाण्यातही सुटत नाही," क्लोराइड खालून म्हणाला. "तुझा सुटला."

बाईंनी फळ्यावर समीकरण लिहिलं. "मुलींनो, जे आधी पाण्यात सुटे होते आणि नंतरही सुटेच राहिले, त्यांना दोन्ही बाजूंनी खोडा." सोडिअमचं नाव गेलं. सिल्व्हरचं राहिलं, तेही क्लोराइडला चिकटून. सोडिअमच्या अंगाची लाही लाही झाली.

"मलाही खोडलंय," सिल्व्हरपासून सुटलेला नायट्रेट म्हणाला. सोडिअमने ऐकलंच नाही.

बाईंनी साका गाळून वेगळा केला आणि उरलेलं पाणी बशीत ओतून उन्हात ठेवलं. पाणी आटू लागलं तसा सोडिअम घाबरला. त्याने चाचपडत हात पुढे केला. तो कुणीतरी धरला.

"तू कधी आलास?"

"मी मघापासून इथंच आहे," नायट्रेट म्हणाला. "तू खाली बघत होतास."