झाकण उचलणारी आई

एका गावात एक आई होती, आणि तिच्या घरचं दही कधी धड लागायचं नाही. दूध चांगलं, विरजण चांगलं, पण हिला दम कुठला! लागलं का, आंबट तर झालं नाही ना, मुंगी तर पडली नाही ना, असं म्हणत ती सारखी झाकण उचलायची, भांडं हलवून बघायची. सकाळी बघावं तर नुसतं पाणचट.

तिला एकुलती एक लेक होती, बकुळा. तिच्या बाबतीतही तसंच. ऊन लागेल म्हणून अंगण नाही, पडेल म्हणून खेळ नाही. घास आईच भरवायची. कुणी "नाव काय गं तुझं?" विचारलं, तर उत्तरही आईच द्यायची.

गल्लीच्या टोकाला राहणारी गवळण हसायची. "अगं, पोरगी आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती? खाली तरी ठेव तिला!"

"तुमचं काय जातं काकू बोलायला! पडली-झडली म्हणजे?" आई फणकारायची.

पण आतून ती धास्तावलेली होती. बकुळा वाळत चालली होती. पाय काटक्यांसारखे, जरा वारा लागला की सर्दी. भूक म्हणून नाही. ताट दिसलं की तोंड फिरवायची. आई जितकी मागे लागायची, तितके तिचे ओठ घट्ट मिटायचे.

एकदा विहिरीवर आईचा पाय मुरगळला. कशीबशी घरी येऊन ती उंबऱ्यात बसली, तर बकुळा म्हणते, "आई, मला दहीभात हवा."

लेकीनं आपणहून खायला मागितलं! आणि घरात दूध होतं, पण दही नाही, विरजणही नाही.

"मी आणते काकूंकडून विरजण." बकुळा वाटी घेऊन उभी राहिली.

"तू? एकटी? नको गं माझे बाई!" आई उठायला गेली आणि कळवळून खाली बसली. लेकीचा चेहरा उतरला. आत्ता कुठे त्यावर जरा तेज आलं होतं, ते आईला दिसलं. ती म्हणाली, "जा. कडेकडेनं जा हं."

बकुळा निघाली. आईचा जीव तिच्या पावलांत. निंबापाशी ठेच लागून पोर पडलीच! आईच्या तोंडात हाक आली. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. बकुळानं इकडंतिकडं बघितलं. कुणी धावलं नाही. मग उठली, गुडघा झटकला, वाटी उचलली आणि पुढं गेली.

परत आली तेव्हा गुडघा खरचटलेला, वाटीतलं निम्मं सांडलेलं.

"आई, काकू म्हणाल्या, कोण आलंय? मी म्हटलं, मी बकुळा!" ती धापा टाकत सांगत होती. "थोडं सांडलं गं."

"विरजणाला थेंबभर पुरतं, बाळा." आईनं डोळे पुसले.

बकुळानं स्वतः दुधात विरजण घातलं, भांडं चुलीच्या उबेला ठेवलं. संध्याकाळी आईचा हात सवयीनं झाकणाकडं गेला.

"आई! हात लावू नकोस ना. काकूंनी सांगितलंय, उबेला ठेवायचं आणि मग त्याला त्याचं लागू द्यायचं. सारखं हलवलं की मोडतं."

आईचा हात हवेतच राहिला. मग तिनं तो हळूच मागे घेतला.

सकाळी दही असं लागलं होतं, की भांडं तिरकं केलं तरी हलेना. बकुळानं भात कालवला आणि आपल्या हातानं खाल्ला. निम्मा गालाला, निम्मा पोटात. वर म्हणाली, "अजून वाढ." आईला तो गाल पुसायचा फार मोह झाला. पण तिनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

तात्पर्य एवढंच: लेकराला मायेची ऊब भरपूर द्यावी, पण सारखं झाकण उचलू नये. त्याचं त्याला घट्ट होऊ द्यावं.