तसबिरीचा हार

रंगराव शेलवटे पानाच्या ठेल्यावरून राजकारणात आले, तीनदा नगरसेवक झाले आणि अखेर महापौरही झाले. पण पोटातली जळजळ काही जाईना. कारण सभागृहाच्या दारात कैलासवासी आबासाहेब दिघोळे या जुन्या महापौरांची तसबीर होती, आणि फुलवाली पारूबाई रोज सकाळी पदरमोड करून तिला ताजा हार घाली. मंडईत बसायला ओटा तिला आबासाहेबांनीच मिळवून दिला होता.

"गेलेल्या माणसाला रोज हार, आणि शहर चालवणारा मी कोरडाच!" रंगराव मनात धुमसत.

एके दिवशी त्यांनी आबासाहेबांच्या शेजारी आपली, हातभर मोठी, तसबीर लावली. नगरसेवक जमवले आणि पारूबाईला बोलावणं धाडलं.

"बाई, आजपासून रोज इथंही हार पडला पाहिजे. नाहीतर मंडईतला ओटा खाली करायचा!"

पारूबाईने टोपलीतला हार उचलला, तसबिरीपर्यंत नेला आणि थांबली.

"घालते की साहेब. तुमच्यापुढं हार काय मोठा? फक्त एक सांगा, वहिनीसाहेबांना विचारून आलात ना? नाही म्हणजे, तसबिरीला रोजचा हार चढला, की घरच्या बाईला कुंकू पुसावं लागतं."

सभागृहात खसखस पिकली. रंगरावांनी स्वतः स्टुलावर चढून तसबीर उतरवली, आणि ओट्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

माणसानं हेवा खुशाल करावा, पण जिवंत माणसाचा करावा.